बोंबलांखालचा तांदूळ

सुक्या बोंबलांचा वास आला की ती केस आठवते आणि स्वतःचंच हसू येतं. नोकरीतली माझी सगळ्यात मोठी 'कारवाई' म्हणून मी ती मिरवली होती, आणि तिच्याइतका मूर्खपणा मी पुन्हा केला नाही. तरुण होते तेव्हा, म्हणजे सत्तावन्न वर्षांची. निवृत्ती जवळ आली होती, आणि जाता जाता एखादी टोळी पकडावी अशी भारी हौस होती.

लॉकडाऊनचा काळ. बोईसर-तारापूरचे कारखाने बंद, मुरबे या कोळ्यांच्या गावच्या होड्या किनाऱ्याला ओढलेल्या. डोंगरातल्या घरांना सरकारचा फुकट तांदूळ मिळायला लागला होता. अशात खबऱ्याचा फोन आला, "मॅडम, रेशनचा माल मच्छीच्या टोपल्यांखालून किनाऱ्याकडे चाललाय."

बेटेगावजवळ नाकाबंदी लावली. तीनचाकी टेम्पो आला, मागे मुरब्याची एक मावशी बसलेली. बोंबलांच्या टोपल्या उचलल्या तर खाली तांदळाची दोन पोती. मी हवालदाराला म्हटलं, "रॅकेट!" दोन पोत्यांचं रॅकेट. हवालदाराने मान खाली घातली. तो हसत होता, हे मला आत्ता कळतं.

पंच बोलावले, पंचनामा केला, बोंबलांसकट मुद्देमाल ठाण्यात आणला. पोत्यांशेजारी उभं राहून फोटोही काढून घेतला. तासाभरात मुद्देमालाच्या खोलीबाहेर परिसरातल्या सगळ्या मांजरांनी बंदोबस्त लावला.

मग चौकशी. मी टेबलावर हात आपटला.

"कोणाकडून विकत घेतलास?"

"इकत कोण देतो? पैका बघितलाय कोणी या दोन म्हयन्यांत?"

"मग कोणी दिला?"

"शेजारणीने."

"तुझं घर समुद्राला, तांदूळ डोंगरातून आला. ही कसली शेजारीण?"

"लांबची."

"नाव सांग."

"नाय सांगत. नाव सांगितला तर तिचा रेशनकारड जाईल. मंग पोरांना ती काय शिजवून घालील, तुमची टोपी?"

ठाणे अंमलदाराला खोकला आला. मी कायदा वाचून दाखवला, गुन्हा दाखल करीन म्हटलं, प्रेमानेही विचारून पाहिलं. मावशी भिंतीकडे बघत बसली. माझ्या अनुभवात खोटं बोलणारा माणूस भरपूर बोलतो. ही एका नावापलीकडे काहीच लपवत नव्हती. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं, पण मला टोळी हवी होती. संध्याकाळ होत आली, तेव्हा उद्या हजर राहण्याची नोटीस देऊन तिला घरी सोडलं.

सकाळी ती आली, आणि तिच्या मागोमाग आणखी एक बाई ठाण्याच्या दारात उभी राहिली. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. बस बंद म्हणून डोंगरातल्या पाड्यावरून चालत आली होती. टेम्पोवाल्याने तिकडे फोन केला होता.

"तांदूळ मी दिला," ती म्हणाली. "पाड्यावरच्या घरांचा गोळा करून दिला. हिला सोडा. कारड काढायचा असंल तर माझा काढा."

मुरब्याची मावशी उखडली. "तुला कोणी बोलावली ग? मी काय तोंड उघडला होता?"

"तू उघडणार नाय, म्हणून तर आली!"

दोघींचं भांडण माझ्या टेबलासमोर चाललं, आणि त्यातूनच माझी केस उलगडली. पाड्यावरच्या बाईचा नवरा बोईसरला कंत्राटी कामावर, तो घरी बसला. भात होता, पण बरोबर खायला तेल नाही, डाळ नाही. मुरब्याच्या मावशीकडे सुकी मासळी होती, पण घाऊक बाजार बंद आणि कार्ड केशरी, म्हणून फुकट तांदूळ नाही. ती वर्षातून एकदा बोंबील घेऊन पाड्यावर जायची आणि तांदूळ घेऊन यायची, सासूच्या वेळेपासून. एरवी तो तांदूळ त्यांच्या शेतातला असे. औंदा तो होळीलाच संपला, म्हणून रेशनचा दिला. टोपल्यांतले बोंबील पाड्यावर देऊन उरलेले होते.

त्या भागात मी कितीतरी वर्षं नोकरी केली होती. पाड्यांवर बंदोबस्ताला गेले की भाकरीबरोबर बोंबलाची चटणी चाटूनपुसून खायचे. समुद्र एवढा लांब, मग बोंबील इथे चढला कसा, हा प्रश्न या तपासी डोक्यात एकदाही आला नाही.

रेशनचं धान्य विकायचं नाही, हा नियम मला पाठ होता. अदलाबदलीबद्दल नेमकं काय लिहिलंय ते मी शोधलं नाही, कारण सापडलं असतं. साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "विक्री झालेली नाही ना? मग तसा अहवाल लिहा." लिहिला. पाड्यावरच्या बाईचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं. सगळ्या नोकरीत इतकं मुद्दाम मी कधी विसरले नव्हते. तांदूळ आणि उरलेली मासळी परत केली. पुढे केशरी कार्डावरही धान्य मिळू लागलं, त्यात माझा काही वाटा नाही.

या केसने मला एवढंच शिकवलं, की सरकार ताटात भात वाढतं, ताट पुरं करायचं काम माणसं आपापसात करतात. तिथे पोलिसाने आधी विचारावं, मग टोपली उचलावी.

निघताना मी मुरब्याच्या मावशीची माफी मागितली. तिने पोतं टेम्पोत ढकललं, फाटकाशी थांबलेल्या त्या बाईकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "तुमी धरलात ते बरंच झालं, मॅडम. आमची गाठ वरसाला एकदा पडते, औंदा दोनदा पडली."