गाडी असेल तरच पार्सल

मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. भूत, करणी, बाधा असलं काही कुणी सांगायला लागलं की मी हसून विषय बदलणारी बाई. सासरी कुंडलला यावरून माझी बोलणीही खाऊन झालीत. त्यामुळे हे इथे लिहिताना मलाच विचित्र वाटतंय. पण जे घडलं ते तसंच लिहिते, तुम्ही काय ते ठरवा.

कोरोनाची दुसरी लाट. माझी आई पॉझिटिव्ह आली आणि ऑक्सिजन खाली यायला लागला. इस्लामपूरच्या पुढे हायवेजवळ एका मंगल कार्यालयात कोविड सेंटर उघडलं होतं, तिथे बेड मिळाला. नवरा फौजेत, तेव्हा पठाणकोटला. घरात एक मोटरसायकल, ती मला चालवता येत नाही. आईबरोबर मी ॲम्ब्युलन्समधून आले आणि तिथेच अडकले. एसटी बंद, वडापच्या जीपा बंद. नातेवाइकांसाठी बाहेर एक मांडव घातला होता, त्यात सतरंजी टाकून राहायचं.

त्याच मांडवात तात्या होते. जत बाजूचे. आयुष्य मेंढरांमागे गेलेलं, आता थोडी शेती. त्यांची बायको हौसाबाई आईच्या शेजारच्या बेडवर. आत सोडत नसत, पण हॉलच्या खिडकीतून बोलता यायचं. हौसाबाईंच्या हनुवटीवर हिरवं गोंदण होतं, मास्क खाली घेऊन त्या बोलायला लागल्या की तेच आधी दिसायचं. बोलणं अगदी हळू. आईला त्या झोपेत पांघरूण घालायच्या, स्वतःला धाप लागत असताना…

सेंटरवर जेवण यायचं, पण गार चपाती आणि सुकी भाजी. हौसाबाईंच्या घशाखाली ते उतरत नव्हतं. किती तरी दिवस नुसत्या चहावर. आणि एका सकाळी त्या खिडकीतून म्हणाल्या, "आवं, जरा गरम भात आनि आमटी मिळंल का?"

तात्यांचा चेहरा असा फुलला! डॉक्टरही म्हणाले, मागतायत तर द्या, चांगलं लक्षण आहे.

जवळपास उघडं असं एकच हॉटेल होतं, हायवेला. नाव देत नाही. तिथे आत बसायची बंदी, फक्त पार्सल. मी आणि तात्या भर उन्हात चालत गेलो. गाड्यांची रांग लागली होती. एक-एक गाडी खिडकीपाशी जायची, काचेतून पिशवी घ्यायची, निघायची. आम्ही दोघं दोन गाड्यांच्या मधे उभे राहिलो, आपला नंबर धरून. मागचा हॉर्न वाजवत होता.

मालक स्वतः बाहेर आला. पांढरा शर्ट, दोन मास्क, वर फेस शिल्ड.

"चालत आलेल्यांना पार्सल नाही. बोर्ड दिसत नाही का?"

खरंच बोर्ड होता. 'गाडी असेल तरच पार्सल.'

तात्यांनी हात जोडले. "मालक, गाडी न्हाई वं माज्याकडं. बायकू सेंटरला ॲडमिट हाय. लय दिसांनी भात मागितलाय तिनं."

'सेंटर' हा शब्द ऐकला मात्र, तो माणूस दोन पावलं मागे सरकला. "सेंटरवरनं आलास आणि माझ्या दारात उभा राहिलास?"

गाड्यांच्या टायरवर मारायला तिथे एक फवारणीचा पंप ठेवला होता, द्राक्षबागेत वापरतात तसला. त्यानं तो उचलला आणि नळी सरळ तात्यांच्या तोंडावर धरली. डोळ्यांवर, फेट्यावर, जोडलेल्या हातांवर. सोडियम हायपोक्लोराइट. डोळ्यात गेल्यावर ते काय करतं हे मी वर्गात शिकवते.

मी ओरडले, शिव्या दिल्या. शेजारच्या गाडीतल्या बाईंना म्हटलं, ताई, तुम्ही तरी एक पार्सल जास्त घ्या, यांच्यासाठी. त्यांनी काच वर केली. मागच्या गाडीवाल्यानं मान फिरवली. मालक आत निघून गेला.

रस्त्याकडेच्या नळावर मी तात्यांचे डोळे धुतले. ते रडत नव्हते. लालभडक डोळ्यांनी त्या हॉटेलकडे नुसते बघत होते.

खिडकीत हौसाबाई वाट बघत होत्या. तात्या म्हणाले, "गाडी असल्याबिगर देत न्हाईत म्हनं."

त्या म्हणाल्या, "मग गाडीनं जाऊया की."

दिवस मावळायच्या आत त्या गेल्या. उपाशी.

शववाहिका आली. तात्यांना बरोबर जाऊ दिलं नाही. पीपीई किटवाल्यांनी मागचं दार लावलं आणि तात्या त्या बंद काचेला दोन्ही हात लावून उभे राहिले. मी शेजारीच होते, मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"हौसा, उपाशी जाऊ नगंस. वाटंत त्याचं हाटेल हाय. तितं थांब. जेवल्याबिगर हलू नगंस."

गाडी हायवेला लागली. तात्या दुसऱ्या दिवशी गावी गेले, कुणाच्या तरी टेम्पोतून.

नंतर आई सुधारली. डिस्चार्जच्या दिवशी माझा चुलतभाऊ सागर त्याची जुनी गाडी घेऊन आला. पेपर व्हायला वेळ होता, आईला भूक लागलेली. सागर म्हणाला, "ताई, हायवेला एक हाटेल उघडं हाय, पार्सल घिऊन येऊ."

मी मुद्दाम गेले. खोटं कशाला बोलू? त्या माणसाच्या तोंडावर काच खाली करून 'आता दे' म्हणायचं होतं मला.

सागर गाडी चालवत होता, मी पुढे त्याच्या शेजारी. मागच्या सीटवर आईची कपड्यांची पिशवी, बस्स. रांग अशी नव्हतीच, आमच्या पुढे एकच गाडी. आम्ही खिडकीपाशी पोचलो. मी दोन पार्सलं सांगितली. मालक आत काउंटरला होता. तीन-चार आठवड्यांत माणूस अर्धा झाला होता, गालफडं बसलेली. त्याची नजर माझ्यावर नव्हतीच, माझ्या मागे होती. एकदम उठला आणि भटारखान्यात पळाला. हो, पळालाच.

वेटरनं पिशव्या दिल्या आणि मागच्या काचेकडे वाकून विचारलं, "आजी, तुमचं बी बांधू का?"

सागर हसला. "कुठली आजी?"

वेटरनं आमच्याकडे पाहिलं, मग मागे पाहिलं. त्याचा चेहरा पडला. "म्हंजे… तुमच्या बी गाडीत…"

मी मागे वळले. पिशवी तशीच होती. पण माझ्या बाजूची मागची काच पूर्ण खाली गेली होती.

त्या काचेचं हँडल तुटलेलं होतं. ती काच कित्येक दिवस हललेली नव्हती. येताना आत उकडत होतं आणि त्यावरून मी सागरला बोलले होते, म्हणून मला पक्कं आठवतं. मेकॅनिकनं नंतर दार खोललं, तर आतली तारही तुटलेली. तो म्हणाला, ही काच आपोआप खाली आली तर दारात पडून फुटायला हवी. ती अलगद उतरली होती.

मी वेटरला विचारलं, "दिसायला कशी आहे?"

"पदर घेतलेला असतो. मास्क न्हाई. हनवटीवर गोंदलंय," तो म्हणाला. "मालक काउंटरला असले की येतीच. कुणाच्या बी गाडीत. निम्मं गिऱ्हाईक तुटलं, ताई."

हा वेटर नवीन होता. हौसाबाई सेंटरच्या हॉलमधून जिवंतपणी बाहेर आल्या नव्हत्या.

लॉकडाऊन उठल्यावर एकदा मालक माझ्या कॉलेजवर आला. कुठून पत्ता काढला कोण जाणे. पार्किंगमध्ये झाडाखाली उभा. मला म्हणाला, "त्या म्हाताऱ्यांचा फोन द्या. मला माफी मागायचीय."

"काय होतंय तुम्हाला?"

"काय न्हाई करत ती. ताट वाढून देतो, हात लावत न्हाई. माझ्याकडं बघती आणि एवढंच म्हणती, 'आले न्हवं गाडीनं?' आता माझ्या स्वतःच्या गाडीत मागं बसलेली असती, ताई. आरशात दिसती."

खिडकीतलं हौसाबाईंचं 'गाडीनं जाऊया' मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं.

मी तात्यांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. तो रडत रडत सगळं बोलला. तिकडून फक्त मेंढरांचा आवाज येत होता. मग तात्या म्हणाले, "मी तिला जेव म्हणलंय. तुज्या हातचं खायाचं का न्हाई, ते तिचं ती ठरवंल."

"तुम्ही सांगा की तिला, तात्या. जा म्हणून सांगा. तुमचं ऐकंल ती."

"व्हय, ऐकंल," तात्या शांतपणे म्हणाले. "पर मी न्हाई सांगनार."

फोन कट झाला. त्यानं मला परत लावायची विनवणी केली. मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि तासाला गेले. मला त्याचं आजही काही वाटत नाही.

हॉटेल त्यानं विकलं. नव्या माणसाचं उत्तम चाललंय, तिथे कुणालाही काही दिसत नाही. मी काचेचा विचार केमिस्ट्रीवालीच्या डोक्यानं पुष्कळ केला. भास म्हणावं तर वेटरचा, मालकाचा आणि त्या काचेचा एकच भास कसा?

गेल्या उन्हाळ्यात मी आणि माझे मिस्टर – ते आता रिटायर होऊन आलेत – आमच्या नव्या गाडीतून साताऱ्याला निघालो होतो. हायवेच्या कडेनं एक माणूस चालत होता. डोक्यावर टॉवेल, पायात स्लिपर, ऊन रणरणतंय. लोक सांगतात, हॉटेल विकल्यापासून तो कुठल्याच गाडीत बसत नाही. एसटीत नाही, रिक्षात नाही. मिस्टरांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांनी फौजी सवयीनं ब्रेक मारला. "या काका, सोडतो."

तो काचेशी आला. आमच्या मागच्या सीटकडे बघितलं. मग हात जोडले आणि मागे मागे सरकत थेट उसाच्या सरीत जाऊन उभा राहिला.

"काय झालं याला?" मिस्टर म्हणाले. "थांबू का? उन्हानं मरंल तो."

"काही नाही," मी म्हटलं. "चालू दे त्याला. तुम्ही गाडी घ्या."