आगवाल्याची राखीव जागा

इंग्रजांचं साम्राज्य नेमकं कुठं पुरलंय, ते मला ठाऊक आहे. तुडीलच्या कब्रस्तानात. हसू नका, मी त्याच्यावर अनवाणी उभा राहून आलोय.

तुडीलच्या एका आळीतले पुरुष पूर्वी आगवाले होते. गोऱ्यांच्या आगबोटीच्या पोटात उभं राहून भट्टीत कोळसा लोटायचा, हे त्यांचं काम. वर साहेब वारा खायचे, खाली आमचा महाड तालुका भाजून निघायचा. पगार गोऱ्या खलाशाच्या पासंगालाही पुरणार नाही असा, तरी आळीतली कौलारू घरं उठली ती त्याच कोळशावर. बोटीवरून जो परतला नाही, त्याच्यासाठी कब्रस्तानात जागा राखून ठेवायची रीत होती. घरचं कुणी ‘तो आता येत नाही’ असं तोंडानं म्हणेपर्यंत ती जागा दुसऱ्याला मिळायची नाही.

माझ्या मित्राची फुफी, म्हणजे आत्या, ऐंशीच्या पुढची. मेल्यावर आईशेजारी निजायचं, एवढा एकच हट्ट तिचा उरला होता. पण शेजारची जागा बापाची. तो लढाईच्या दिवसांत बोटीसकट गेला. आईनं मात्र मरेपर्यंत ते वाक्य उच्चारलं नाही. आता ते फुफीनं म्हणायचं होतं.

भर दुपारी आम्ही गेलो. बायका आत जात नाहीत, म्हणून फुफी दगडी गडग्याबाहेर खुर्ची टाकून बसली. आत मी, मित्र आणि कब्रस्तानाचा कारभार बघणारे जमातीचे म्हातारे चाचा. सगळीकडे गुडघाभर गवत, त्या जागेवर काडी नाही. वर चिंचेची गर्द सावली, तरी पाय ठेवला आणि चटका बसला!

“सवची गरम कुंडं जवळच हायत. गरम पाण्याचा झरा असंल खालून,” मित्र म्हणाला. आवाज मात्र अगदी बारीक.

“आपा, बोल,” चाचा फुफीला म्हणाले. “येत नाय म्हण, जागा तुझी.”

“माझ्या आयेनं म्हटलं नाय, नि मी म्हणू? वर जाऊन तिला तोंड कसं दाखवू?”

“मग जागा नाय.”

“माझ्या आंगणात शेंबूड पुसत फिरायचास रे मेल्या! मला नाय सांगतोस?”

“रीत हाय गो,” चाचा पुटपुटले.

चिंचेवरचे पक्षी गप्प झाले, ते मला जरा उशिरा कळलं. मग फुफी गडग्यावरून वाकली आणि एसटीच्या बाकावरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाली,

“अब्बा, जरा सरका.”

माझ्या डाव्या तळव्याखालची माती गार पडत गेली आणि उजवा पाय पोळायला लागला. मी चाचांकडं पाहिलं. तेही उजवा पाय उचलून बगळ्यासारखे उभे होते.

“दिली,” ते घाईघाईनं म्हणाले. “दिली जागा. आपा, घरी चल.”