उन्हातून आत आणलेलं विमान

आमच्या प्रॅक्टिकलचं विमान उडत नाही. विमान दुरुस्तीच्या कोर्ससाठी अमरावतीच्या कॉलेजानं ते जुनं घेतलेलं आहे. परीक्षेत मात्र ते उद्या उडणार असं धरूनच काम करायचं असतं. त्या दिवशी आमच्या जोडीला एलेरॉनची केबल ताणून द्यायची होती. एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग. पायलटनं दांडा कलवला की स्टीलची केबल त्याला वर-खाली ओढते. केबलला ताण किती हवा, ते तापमान बघून तक्त्यावरून ठरतं. एकानं काम करायचं आणि दुसऱ्यानं ते स्वतंत्रपणे तपासून सही करायची. सही माझी होती.

काम करणारा मुलगा दर्यापूरकडचा. घरचा भाजीचा मळा, बाजारात गाळा. या प्रॅक्टिकलला तो आधी नापास झाला होता. पुन्हा झाला तर मोठा भाऊ त्याला कॉलेजातून काढून गाळ्यावर बसवणार, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं, कारण तो स्वतःच सांगत फिरायचा. मला तो ‘कॉन्व्हेंट’ म्हणायचा. मी कमी बोलते, आणि बोलायच्या आधी वाक्य मनात जुळवते. त्याची त्याला मजा वाटायची.

विमान सकाळपासून बाहेर उन्हात उभं होतं. आमची पाळी आली तेव्हा ढकलत हँगरमध्ये आणलं. त्यानं भिंतीवरचा तापमापक वाचला, तक्ता पाहिला, ताण मोजला. ताण जास्त भरला, म्हणून पेच फिरवून केबल सैल केली. हात चांगला होता त्याचा.

“झालं. कर सही.”

मी पंखाला हात लावला तो उलटा, बोटांच्या पाठीनं. आमच्या अकोल्यात उन्हात उभ्या गाडीला कुणी सरळ हात लावत नाही, ती सवय. पत्रा चटका बसावा इतका तापलेला होता.

“थांब,” मी म्हणाले.

“काहून?”

“भिंतीपेक्षा विमान जास्त गरम आहे. तापल्यावर ॲल्युमिनियमचा सांगाडा केबलपेक्षा जास्त वाढतो, म्हणून केबल ताणली गेलीय. तू ती सैल केलीस. गार झाल्यावर ती आणखी सैल पडेल.”

तो बघतच राहिला. “इतलं बोलता येते तुले?”

मी तक्ता मिटून बाजूला ठेवला.

“पानी मारू काय मंग? भाजीवर मारतो तसं. लगेच थंडं.”

“वरचा पत्रा गार होईल. आतलं नाही.”

“सर येऊन राहिले, अन् तू आतलं-बाहेरचं करून राहिली. कर ना बाई सही. हे काही उडत नाही.”

तेही खरंच होतं. तरी मी पेन बाहेर काढलं नाही.

परीक्षक आले. “झालं का?”

तो माझ्याकडे पाहत होता. “नाही सर,” मी म्हणाले. “मी सही करत नाहीये. विमान आत्ताच उन्हातून आणलंय. भिंतीवरचं तापमान धरून ताण लावता येणार नाही.”

सरांनी पंखावर तळवा टेकवला आणि लगेच उचलला. मग त्याला विचारलं, “तुझं काय म्हणणं?”

मीच वेळ घालवते, असं तो म्हणू शकला असता. वर्गात कुणालाही ते पटलं असतं.

“बराबर म्हनते ते, सर. मी भिंतीवरचा पारा पाहिला. चुकलंच.”

“मग थांबा. तुमचं शेवटी बघतो.”

आम्ही पंखाखाली बसून राहिलो. तो अधूनमधून उठून पत्र्याला हात लावायचा आणि परत बसायचा. बाकीच्या जोड्या आटोपल्या तेव्हा कुठे पत्रा निवाला. त्यानं पुन्हा ताण मोजला. केबल लोंबायलाच आली होती. त्यानं ती तक्त्याप्रमाणे ताणली आणि पेच तारेनं पक्का केला. मग मी तपासायला घेतलं. ताण मोजला, दांडा एका बाजूला कलवला, त्या बाजूचं एलेरॉन वर गेलं. सही केली.

सरांनी पहिल्या चुकीचे गुण कापले, पण पास केलं.

मी हत्यारं पुसत होते. तो हँगरच्या दाराशी उभा राहून भावाशी फोनवर बोलत होता, नेहमीसारखाच मोठ्यानं.

“हो, पास. नाई, कमीच देल्ले, पन पास. आता कायचा गाळा? तूच बस तिथं... उशीर? अरे, जोडीदारीन सहीच नोती करून राहिली.”