लाईट आली

नव्या ट्रान्सफॉर्मरला हार घातला, नारळ फुटला आणि सखूबाईंनी विहिरीवरच्या मोटरचं बटण दाबलं. मोटर घुमली, पण पाइपातून थेंबही आला नाही. मिरचीची रोपं माना टाकून उभी होती. आज पाणी मिळालं नाही तर ती जाणारच होती.

"साहेब, तुमची लाईट नुसतं गाणं म्हणती!" सखूबाई म्हणाल्या.

साहेब, म्हणजे याच महिन्यात निवृत्त होणारे अभियंते, वाकून पाहत म्हणाले, "मोटर उलटी फिरतेय." त्यांनी स्विच पाडून दोन वायरींची अदलाबदल केली. पुन्हा बटण. पाइप थरथरला, खोकला आणि पाणी धो धो कोसळलं.

"जाऊबाई, लाईट आली! दारं धरा!" सरीसरीत पाणी वळवायला सखूबाईंनी रानात उभ्या जावेला हाक दिली.

रानात दिवा एकही नव्हता. गावात वीज आधी दिव्यात शिरली, तेव्हापासून तिचं नाव लाईटच राहिलं. ती गावाबाहेर, बांधापर्यंत नेण्यात या माणसाची सारी नोकरी गेली. आज मी, त्यांच्या हाताखालचा वायरमन, तिला सरीतून पळताना पाहिलं.

"लाईट आली म्हणता, उजेड कुठाय?" साहेबांनी चेष्टेनं विचारलं.

सखूबाईंनी खोऱ्यानं पुढची सरी फोडली. "हा काय! सरका, पायाखाली येतोय."