मावशी आणि घाताचा नियम

गणिताला घाबरणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील, पण गणिताशी भावकीतल्यासारखं वैर धरणारी बाई मी एकच पाहिली, ती म्हणजे माझी सावद्याची मावशी. तरुणपणी ती बारावीला गणितात नापास झाली, पाठोपाठ लग्न झालं आणि सगळा संसार केळीच्या बागेत गेला. अपमान मात्र ती विसरली नाही. एकुलत्या एका मुलाचं लग्न झाल्यावर तिनं जाहीर केलं की ती पुन्हा बारावीला बसणार. पहिला धडा डेरिव्हेटिव्हचा. "घात खाली उतरवायचा, गुणायले लावायचा, अन् वरचा घात एकानं कमी करायचा," हे ती भरिताची वांगी भाजताना म्हणायची, विस्तव फुंकताना म्हणायची. केळीचा सौदा करायला आलेल्या व्यापाऱ्याला तिनं चहाबरोबर एक्सचा पाचवा घात दिला. त्यानं फोन आल्यासारखं केलं आणि अंगणातूनच काढता पाय घेतला. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत तोच पेपर वाचत. त्यांच्याकडे बघून मावशी म्हणायची, "ज्याच्यात बदलच नाही, त्याचं डेरिव्हेटिव्ह शून्य. हे मले पुस्तकाच्या आधीपासून माहीत हाये."

तिचं घोडं अडलं ते 'एक छेद एक्स'पाशी. म्हणजे एक्सचा उणे एक घात. त्यातून एक कमी केला की मावशीच्या हिशेबी शून्य उरायचं आणि पुस्तकाच्या मागे उत्तरात उणे दोन असायचं. छपाईची चूक आहे, बोर्डाला कळवलं पाहिजे, असं तिचं ठाम मत होतं. त्या रविवारी मी तिथेच होतो. दीपनगरहून मुलगा आणि सून आली होती. सून तिथल्या वीजकेंद्रात इंजिनिअर. मुलानं लग्न परस्पर ठरवलं म्हणून मावशी सुनेशी थेट बोलत नसे. "तिले विचारा, भाकरी वाढू का," असं काकांमार्फत चालायचं.

सून शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, पुस्तक बरोबर आहे. आपण आधीच शून्याच्या खाली आहोत. एक कमी केला की आणखी खाली जायचं, म्हणून उणे दोन."

काकांनी पेपर खाली घेतला. मावशीनं कागदावर पुन्हा मांडून पाहिलं. उत्तर जुळलं. मग तिनं लग्नानंतर पहिल्यांदा सुनेकडे सरळ पाहिलं.

"मंग इतके दिवस काबरं नाही बोलली व तू?"

"तुम्ही विचारलंच नाही."

त्यानंतर दर रविवारी शिकवणी सुरू झाली. सून गणितात दयामाया दाखवत नसे. उणे चिन्ह गाळलं की सगळं उदाहरण पुन्हा सोडवायला लावायची, आणि उभ्या गावाला धाकात ठेवणारी मावशी ते खाली मान घालून सोडवायची. काकांना निरोप सांगण्याचं काम उरलं नाही. मला वाटतं त्यांना थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं.

गणिताचा पेपर जळगावला होता, सोबत सून गेली होती. फाटकावरच्या शिपायानं मावशीला अडवलं. म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबायचं."

मावशीनं सुनेकडे बोट दाखवलं. "पालक ही हाये," म्हणाली आणि आत गेली.

ती पास झाली. मार्क बेताचेच होते, पण पेढे सगळ्या आळीला गेले. पावसाळ्याच्या तोंडावर सुनेची विदर्भात बदली झाली. भुसावळ स्टेशनवर मावशी भरिताचा डबा तिच्या हाती देत म्हणाली, "पास झाले खरी, पन इंटिग्रेशन कच्चंच राह्यलं. आता मले कोन रागावीन?"

"मी रविवारी फोन करते ना," सून म्हणाली. "जे अडेल ते विचारा. पण आधी स्वतः सोडवून बघा."

गाडी गेली. घरी येऊन मावशीनं पुस्तक उघडलं आणि अंधार पडेपर्यंत एकामागून एक उदाहरणं सोडवली. शेवटचं तिला सरळ येत होतं, हे मला दिसत होतं. ते तिनं अर्ध्यावर सोडलं आणि पुस्तक मिटलं. रविवारी विचारायला काहीतरी हवं होतं.