बाहेरचा खेळ चालणार नाही: बीड जिल्ह्यातल्या गेम कॅफेंची फेरी

या ब्लॉगवर आजवर ज्या सहली तुम्ही वाचल्यात, त्या सगळ्या मंदानं ठरवलेल्या होत्या. मंदा म्हणजे माझी बायको. ठिकाण ती निवडायची, एसटीच्या वेळा मी काढायचो, आणि परत आल्यावर लिहायचं कामही माझ्याकडेच असायचं. मार्गशीर्षात ती गेली. त्यानंतर इथे काही लिहिलं नाही.

ही सहलही तिचीच. दिवाळीच्या सुमारास तिनं मोबाइलवर बीडच्या एका कॅफेचा व्हिडिओ पाहिला होता. "अहो, हे बघा. नुसतं खेळायचं हॉटेल निघालंय बीडात. आपला पट घेऊन जाऊ. त्या पोरांला चल्लस-आठ दावू." मी म्हणालो, जाऊ की. जाणं झालं नाही. उन्हाळ्यात रजा मिळाली तेव्हा कपाटातून पट काढला आणि एकटाच निघालो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चल्लस-आठ चार चिंचोक्यांवर खेळतात. चिंचोके दगडावर घासून एका बाजूनं पांढरे करायचे. जितके पांढरे पडतील तितकी घरं चालायचं. चारही पांढरे पडले की चल्लस, म्हणजे चार घरं. चारही काळे पडले की आठ. प्रत्येकाचं पटाच्या कडेला एक घर असतं. तिथून सोंगट्या निघतात, फेरी मारून मधल्या घरात जातात. आमचा पट मंदानं जुन्या खणावर पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेला. माझ्या सोंगट्या तुरीचे दाणे, तिच्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे.

नेकनूरहून बीडला जायला एसटी भरपूर आहेत. सकाळी लवकर निघा, नंतर ऊन बसू देत नाही. कॅफे एका मोबाइलच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. नाव लिहीत नाही. जिना अरुंद, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. आत एसी, भिंतीवर रंगीत दिवे, कपाटभर खोके. माणशी तासाचे शंभर रुपये आणि शिवाय काहीतरी खायला मागवावंच लागतं. मी कॉफी सांगितली. कॉफी बरी होती.

टेबलावर पट पसरला तसा मालक आला. तिशीतला असेल, बोलायला नम्र.

"काका, सॉरी. बाहेरचा गेम अलाउड नाही."

"बाहेरचा म्हणजे?"

त्यानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. बाहेरचे खाद्यपदार्थ व बाहेरचे खेळ चालणार नाहीत.

"डबा आणला नाही मी. कापड आहे हे."

"माहितेय काका, पण रूल आहे. आणि आपल्याकडं आहे की हा गेम. हेरिटेज एडिशन." त्यानं एक चकचकीत खोका आणला. त्यात प्लास्टिकच्या कवड्या, पुठ्ठ्याचा पट आणि नियमांचं कार्ड. मी कार्ड वाचलं. एका ओळीवर थांबलो. 'मारलेली सोंगटी बाद होऊन खेळाबाहेर जाते.'

मी सहसा कुणाशी वाद घालत नाही. दुकानदारानं सुटे परत दिले नाहीत तरी गप्प बसणारा माणूस आहे मी. पण त्या दिवशी बोललो.

"हे चूक आहे. मेलेली सोंगटी बाद होत नाही. ती घरी येते. घरातून पुन्हा निघते."

"कार्डवर तसं लिहिलंय काका."

"कार्ड कुणी लिहिलं?"

"पुण्याहून आलंय."

"पुण्याहून आलं म्हणून काय झालं? खेळ इथला आहे."

शेजारच्या टेबलावरच्या पोरी हसायला लागल्या. मालक थोडा वाकून हळू आवाजात म्हणाला, "खरं सांगू का? मेलेली परत आली की डाव संपतच नाही. मागं गिऱ्हाईक उभं राहतं. आम्हाला असंच परवडतं."

म्हणजे त्याला माहीत होतं! अज्ञान असतं तर मी सोडून दिलं असतं. टेबल लवकर रिकामं व्हावं म्हणून पिढ्यानपिढ्यांचा नियम फिरवला, वर त्याला हेरिटेज म्हणायचं. मी कॉफी अर्धी ठेवून उठलो. पूर्ण तासाचे पैसे घेतले, हेही नोंदवतो.

मुक्काम बीडलाच, स्टँडजवळच्या लॉजवर. दुसऱ्या दिवशी अंबाजोगाई गाठली. वाटेत केजला बस थांबते तिथली भजी गरम असतील तरच घ्या. अंबाजोगाईचा कॅफे कॉलेजच्या रस्त्याला आहे. खाली जेरॉक्स, वर कॅफे. दारातच काउंटर, आणि त्यामागे पडदे लावलेली छोटी छोटी खोपटी. लुडो, साप-शिडी, बुद्धिबळ काउंटरवरच्या टोपलीत पडलेलं. बुद्धिबळात एक वजीर नव्हता, त्याच्या जागी बाटलीचं झाकण. पडद्याआड कोण काय खेळत होतं ते मला माहीत नाही, आणि माझी त्याला हरकतही नाही.

काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "किती जण?"

"एक."

"एकट्याला न्हाई देत. जोडीनंच एन्ट्री हाय." मग माझं वय बघून त्याला गंमत सुचली. "काकूंला घिऊन या की. कावून एकलेच आले?"

"न्हाई आली," एवढंच म्हणालो.

"भांडण झालं व्हय?" तो हसला. आतून अजून कुणीतरी हसलं.

जिना उतरून खाली जेरॉक्सपाशी येऊन उभा राहिलो. त्याला काय ठाऊक, हे मला कळतं. पण खेळायच्या जागेत शिरताना दोन माणसं का मोजतात? एकटा माणूस कुणाबरोबर तरी खेळायलाच येतो ना अशा ठिकाणी? जोडी आधीच असेल तर घरी जमिनीवर पट पसरता येतो. आम्ही तेच तर करत होतो इतकी वर्षं. अंबाजोगाईत बघण्यासारखं पुष्कळ आहे, परळीहून पुढे धर्मापुरीचं जुनं देऊळही बघा म्हणतात. मी काही बघितलं नाही. परळीची बस धरली आणि तिथून सिरसाळ्याला गेलो.

सिरसाळा मंदाचं माहेर. तिचा धाकटा भाऊ सुभाष स्टँडवर घ्यायला आला होता. दोन्ही कॅफेंची हकिगत ऐकून तो मोठ्यानं म्हणाला, "दाजी, कशाला गेलते तिकडं? आपल्या सिरसाळ्यात बी कॅफे हाय!"

कॅफे म्हणजे बाजाराच्या कडेचं चहाचं हॉटेल. मालकानं एक कॅरम ठेवलाय आणि पाटीवर 'चहा-नाष्टा'च्या खाली रंगानं 'गेम कॅफे' लिहून घेतलंय. पावडर संपलेली म्हणून कॅरमवर ज्वारीचं पीठ. चहा चांगला, गोड जरा जास्त. बाहेरचा खेळ चालेल का, असं मी विचारलं. मालकाला प्रश्नच कळला नाही. "आतला कंचा मग?" म्हणाला.

बाकावर पट पसरला. हिरवे तुकडे मी सुभाषपुढे सरकवले.

"आक्काच्या?" त्यानं विचारलं.

"तूच घे."

दोन-चार दानं पडली असतील. तेवढ्यात मंदाचे चुलते, नाना, काठी टेकत आले. पट बघून तिथेच थबकले.

"जावईबापू, वरीस सरलं न्हाई अजून. अन डाव मांडला तुमी? बाजारात? लोक काय म्हंतील?"

"नाना, आक्काचाच पट हाय तो," सुभाष म्हणाला.

"म्हणून तर म्हंतो बे. उचल ते."

सुभाषनं खरंच पटाला हात घातला. मी त्याचा हात धरला. सासरच्या माणसांपुढे मी आयुष्यात आवाज चढवलेला नाही. तो त्या दिवशी चढला.

"बीडला उठवलं. अंबाजोगाईला दारातूनच परत पाठवलं. इथनं उठणार न्हाई मी, नाना. तिला हा पट घेऊन जायचं होतं कुठंतरी. एक डाव पुरा होऊ द्या."

नाना तिथून गेले नाहीत. पलीकडच्या बाकावर आमच्याकडे पाठ करून बसले. मालकानं त्यांना न विचारताच चहा दिला.

डाव पुढे चालला. मला तीन पडले आणि माझी तूर बरोबर एका हिरव्या तुकड्यावर गेली. म्हणजे ती सोंगटी मेली. मी तुकडा उचलला आणि पुढे काही सुचेना. नियम मला पाठ आहे, बीडला त्यावरून भांडून आलो होतो. तरी तो तुकडा तसाच मुठीत राहिला.

नाना कधी वळून बसले होते कळलं नाही. काठी बाकावर आपटून ओरडले, "आता मुठीत धरून काय बसता? मेली ना ती? मग ठिवा की घरात!"

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मेली की घरी येती. तिथनं पुन्यांदा निघती. येवढं बी इसरले व्हय नेकनूरवाले?"

मी तुकडा घरात ठेवला. सुभाषनं चिंचोके टाकले. चारही काळे.

"आठ!" नाना म्हणाले. "निघाली का न्हाई? लई घाई हाय तिला, आधीपासूनच." आणि मग उपरण्यानं तोंड पुसत बसले, बराच वेळ.

डाव हिरव्यांनी जिंकला. त्या नेहमीच जिंकायच्या.

तेलगाव, वडवणी, बीड करत नेकनूरला परत आलो. तेलगावच्या पुढे रस्ता चांगला झालाय. घरी आल्यावर बीडच्या कॅफेला फोन करून म्हटलं, ते कार्ड बदला. मालक म्हणाला, "काका, ऑनलाइन रिव्ह्यू टाका ना." टाकला. एक तारा दिला. कॉफीचा.

राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरवायचा माझा विचारही नाही. तुम्ही या फेरीला निघणार असाल तर सिरसाळ्याच्या हॉटेलात जरूर जा. बाकी दोन ठिकाणी पैसे घालवू नका. त्याऐवजी नेकनूरला उतरा. स्टँडवर कुणालाही माझं घर विचारा, सांगतील. परत आल्यावर पट घडी करून कपाटात ठेवणार होतो, तो ठेवला नाही. पुढच्या खोलीत जमिनीवर पसरलेला आहे, हिरवे तुकडे त्यांच्या घरात आहेत. चहा मी करतो. आमच्याकडे तासाचे पैसे नाहीत. एकटं आलेलं चालतं. बाहेरचा खेळ चालतो. आणि मेलेली सोंगटी घरी येते.