चंद्रावर न गेलेले आमचे सहा हब

"मॅडम, आपली गाडी कॅन्सल झाली म्हणं."

तानाजी चौगले माझ्या केबिनच्या दारात उभा होता. हातात मोबाईल, मागं त्याचं धातू कापायचं सीएनसी मशिन बंद. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि तानाजी चालू शिफ्टमध्ये मशिन बंद करणाऱ्यांतला नव्हे.

मी बातमी वाचली. एका खासगी कंपनीची चांद्रमोहीम रद्द. माणूस जाणार नव्हता, सहा चाकांची एक यंत्रगाडी चंद्रावर उतरून माती तपासणार होती. ती ज्या परदेशी यानातून उतरायची, ते देणाऱ्या भागीदार कंपनीनंच अंग काढून घेतलं होतं. त्या गाडीच्या सहा चाकांचे हब आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये तयार झाले होते. हब म्हणजे चाकाचा मधला भाग. त्याच्या भोकात बेअरिंग बसतं आणि चाक फिरतं.

मी तिथं क्वालिटी इन-चार्ज. पार्ट बरोबर आहे की नाही हे ठरवणं आणि सही करणं हे माझं काम. हबच्या भोकाला बारा मायक्रॉनची सूट होती. माणसाचा केस साधारण साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. त्या केसाचे पाच भाग करा, त्यातल्या एकाएवढी चूक माफ. त्यापुढं पार्ट नापास.

दहा वाजेपर्यंत फोन सुरू झाले. चंदगडहून माझ्या मावससासूबाईंचा पहिला. "कसं झालं गं?" असं त्यांनी ज्या आवाजात विचारलं, तो आवाज मी फक्त मयताच्या घरी ऐकलेला आहे. शिरोळचे एक ऊसवाले पाहुणे म्हणाले, "बरं झालं. आमच्यात पाणी शिरतंय तवा चंद्र येत न्हाय बघायला." कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर दोन गट पडले होते. एक म्हणत होता पैसा वाचला, दुसरा म्हणत होता देशाची अब्रू गेली. चहा दोघंही आमच्याच माणसांना पाजत होते.

आमचे मालक शिवगोंडा मगदूम, सगळ्यांचे अण्णा, गडहिंग्लजकडचे. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "मॅडम, आपण दिलेला माल तर बरोबर हाय की?"

"सहाच्या सहा पास आहेत, अण्णा."

"मग झालं."

पण झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका मोबाईल न्यूज चॅनेलचा माणूस माईक घेऊन आला. अण्णांनी "या पावणं, बसा" म्हणून त्याला चहा दिला आणि माझ्याकडं पाठवलं.

"मॅडम, मोहीम रद्द का झाली? तुमच्या पार्टमध्ये काही प्रॉब्लेम?"

आम्ही गुप्ततेच्या करारावर सही केलेली होती. ड्रॉइंग, रिपोर्ट, मापं, काहीही बाहेर सांगायचं नाही. मी नियमाप्रमाणं म्हणाले, "यावर मला काही बोलता येणार नाही."

दुपारी व्हिडिओ आला. 'कोल्हापूरच्या पार्टमुळं चांद्रमोहीम फेल? अधिकाऱ्यांचं मौन!' शेवटी प्रश्नचिन्ह होतं, पण प्रश्नचिन्ह कोण वाचतो? संध्याकाळपर्यंत ते गळून पडलं आणि व्हिडिओ गावोगाव फिरला.

तिसऱ्या दिवशी तानाजी कामावर आला नाही. नऊ वर्षांत न कळवता त्याची एकही रजा नव्हती. फोन लावला, बंद.

मग मला एक ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, त्याच्या गावात, कोडोलीत, त्याच्या नावाचं डिजिटल पोस्टर लावलंय न्हवं चौकात. फोटोसकट. 'चंद्रावर कोडोलीचं चाक.' आता पोरं येता-जाता टोमणं मारत्यात. तुझ्यामुळं गाडी पडली म्हणत्यात."

मी केबिनमध्ये येऊन बसले. नियम मी पाळला होता. मी गप्प बसले म्हणून ज्यानं काम चोख केलं होतं तो घरात तोंड लपवून बसला होता.

मी त्या चांद्रमोहिमेच्या कंपनीतल्या राघवन साहेबांना फोन लावला. आमचे पार्ट तेच तपासून घ्यायचे. मी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "मला एक पत्र द्या. आमचे हब पास होते आणि रद्द होण्याशी त्यांचा संबंध नाही, एवढंच."

"देतो. पण आमच्या लीगलकडून यायला दोन-तीन आठवडे लागतील."

"तोवर माझा ऑपरेटर नोकरी सोडेल, सर."

ते म्हणाले, "तुमच्याकडं तो सातवा पीस आहे ना? रिजेक्ट झालेला? तो दाखवा, हवं तर मापूनही. पार्ट नंबर खोडून. ड्रॉइंग नाही, रिपोर्ट नाही."

त्यांची परवानगी मी ईमेलवर मागून घेतली. फोनवरच्या परवानगीला आमच्या धंद्यात अर्थ नसतो.

सातव्या पीसची गोष्ट सांगायला हवी. कंपनीनं धातूचे सात तुकडे दिले होते, सहा कामासाठी, एक जादा. चौथा हब करताना टूलचं टोक झिजलं आणि भोक सूट धरूनही चार मायक्रॉन मोठं झालं. हे मला माझ्या टेबलावर कळलं नाही. तानाजीनंच तो पीस आणून समोर ठेवला. "मॅडम, ह्यो गेला. चार मायक्रॉन जास्त हाय." अण्णा तेव्हा वैतागले होते. त्यानंतर एकही तुकडा जादा उरत नव्हता, पुढचे तीन बरोबर यायलाच हवे होते. ते आले.

रविवारी सकाळी मी तो हब, बोअर गेज आणि मास्टर रिंग गाडीत घातली. बोअर गेज म्हणजे भोकात घालून माप घ्यायचं घड्याळी डायलचं साधन. मास्टर रिंग म्हणजे अगदी अचूक मापाचं पोलादी कडं, त्यावर गेजचा काटा शून्यावर आणायचा. अण्णा म्हणाले, "थांबा, मी बी येतो."

कोडोलीत तानाजीच्या आईनं दार उघडलं. "दोन दिस झालं, जेवना झालाय नीट," त्या म्हणाल्या. तानाजी आतून आला. दाढी वाढलेली.

"मॅडम, मी दुसरीकडं काम बघतो. तुमच्या नावाला बट्टा नको."

"चौकात चल," मी म्हणाले.

"न्हाय मॅडम."

अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चल की गा. मी आलोय न्हवं."

चौकात मंडळाच्या कट्ट्यावर दहा-पंधरा माणसं होती. मंडळाचे अध्यक्ष बाजीराव आबा पेपर वाचत होते. मी कट्ट्यावर रुमाल अंथरला आणि हब ठेवला. पाच मिनिटांत गर्दी दुप्पट झाली.

"हे चंद्रावरच्या गाडीचं," मी म्हणाले. "कुणाला शंका असेल त्यानं हातात घेऊन बघावं."

आबांनी घेतला, उलटा-पालटा केला. "चकाकतंय झ्याक. ह्यात काय वाईट हाय?"

मी गेज लावला आणि डायल त्यांच्यापुढं धरली. काटा कुठं असायला हवा आणि कुठं आहे ते दाखवलं. केसाचा हिशोब सांगितला. हेही सांगितलं की उन्हातलं माप खरं नसतं. खरं माप आम्ही वीस डिग्रीच्या बंद खोलीत घेतो, कारण धातू उष्णतेनं फुगतो. आबांचा विश्वास बसेना.

"धरा घट्ट मुठीत," मी म्हणाले. त्यांनी दोन-तीन मिनिटं धरला. पुन्हा गेज लावला. काटा पाच रेघा, म्हणजे पाच मायक्रॉन, पुढं सरकला.

"आयला," आबा म्हणाले. "नुसत्या हातानं?"

"नुसत्या हातानं. असल्या मापात हा माणूस काम करतो."

मागून एक तरुण म्हणाला, "मंजे पार्ट फेल हुता, हे खरंच की मग!"

मी याच प्रश्नाची वाट बघत होते. "हो, हा फेल आहे. म्हणून तर हा कोल्हापुरात आहे. पास झालेले सहा केव्हाच गेले. आणि हा फेल कुणी केला माहिती आहे? मी नाही. मशिन यानंच चालवलं, मापही यानंच घेतलं आणि मला येऊन सांगितलंही यानंच. गप्प राहिला असता तर निदान त्या दिवशी तरी कुणाला कळलं नसतं."

तानाजी खाली बघत होता.

अण्णा पुढं झाले. "मी मालक हाय. मी त्या दिवशी ह्याला म्हटलं हुतं, चार मायक्रॉननं काय हुतंय? घाल डब्यात. ह्यो म्हटला, अण्णा, तिथं वर दुरुस्तीला कोन जानार हाय?" एवढं बोलून अण्णा मागं सरकले. हे मलाही माहीत नव्हतं.

बाजीराव आबांनी हब रुमालावर हळूच ठेवला आणि तानाजीकडं बघितलं. "मग गड्या, सांगायचं न्हवं का आम्हास्नी?"

"कुनी इचारलं?" तानाजी म्हणाला.

त्या तरुणानं खिशातला मोबाईल काढला आणि तिथंच उभ्या उभ्या ग्रुपवर काहीतरी टाइप करू लागला. पोस्टर काढायचं का, असं कुणीतरी विचारलं. आबा म्हणाले, "हात लावून बघ."

सोमवारी तानाजी आठ वाजता मशिनवर होता. दाढी केलेली.

राघवन साहेबांचं पत्र तिसऱ्या आठवड्यात आलं. तीन ओळींचं. सहाही हब तपासणीत मापात होते. मोहीम रद्द होण्याचा कुठल्याही पुरवठादाराच्या कामाशी संबंध नाही. गाडीची जमिनीवरची चाचणी होणार आहे आणि तिला हेच हब लावले जातील. त्या चॅनेलला आम्ही पत्राची प्रत पाठवली. त्यांनी ती बातमी केली नाही. त्यात प्रश्नचिन्ह घालायला जागा नव्हती.

काही महिन्यांनी चाचणीचा व्हिडिओ आला. वाळूच्या मैदानात गाडी दगडावर चढली, तिरकी झाली, उतरली. आम्ही सगळ्यांनी मशिनं थांबवून पाहिला. सहाही चाकं सारखी फिरत होती. तानाजीनं तो तीनदा लावला आणि कामाला गेला. त्या दिवशी मला माझ्या सहीचा जो अभिमान वाटला, तो गाडी चंद्रावर उतरल्यावर वाटला असता त्याहून कमी नव्हता.

या सगळ्यातून मी माझ्या कामात एकच बदल केला. करारात काय सांगायचं नाही हे लिहिलेलं असतं. आता सही करण्याआधी मी विचारते, काय सांगायला हरकत नाही? आणि तेही लिहून घेते.